आमरीचे (ऑर्किडचे) कंद उपटले गेलेत. परत लावावेत का? आणि बाकीची झाडं कशी वाचवावीत?

नमस्कार मंडळी,

घाईत लिहितेय, कारण कंद मातीबाहेर येऊन पाच तास झालेत.

माझ्या रोजच्या फिरण्याच्या वाटेवर एक गवताळ उतार आहे. पाऊस लागला की तिथे जमिनीत उगवणारी आमरी फुलते, हॅबेनारिया या प्रकारातली, पांढरी. चार वर्षं मी झाडं मोजतेय. पहिल्या वर्षी १९ होती, यंदा ३१. आज सकाळी ओळखीच्या एका काकांनी त्यातली तीन मुळासकट उपटून माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "तुला आवडतात ना, कुंडीत लाव." इतक्या प्रेमाने दिली की रागावताही येईना. पण पोटात कालवलं.

दोन झाडांच्या बुडाशी दोन-दोन कंद आहेत. एक सुरकुतलेला, बोटाने दाबला तर मऊ लागणारा. दुसरा लहान, टणक, पांढरट. जुना कंद यंदाच्या पानाफुलांना पोसून संपतो आणि नवा पुढच्या वर्षीचं झाड उभं करतो, एवढं मला माहीत आहे. तिसऱ्या झाडाला मात्र जुनाच कंद आहे. नवा तुटून मातीतच राहिला असावा. तो तिथे जगेल का?

कुंडीत लावायचं मनात नाही. आमरीचं बी धुळीसारखं बारीक, त्यात अन्नसाठा जवळजवळ नसतोच. मातीतल्या ठरावीक बुरशीने आधार दिला तरच ते रुजतं. नोएल बर्नार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये हे ओळखलं. कुंडीत ती बुरशी कुठून आणायची? आणि संध्याकाळी तिथे बसून पाहिलंय मी: वास अंधारातच सुटतो, फुलामागे मधाची लांब नळी लोंबत असते, पतंग सोंड आत घालतो आणि परागांचे गठ्ठे अंगाला चिकटवून घेऊन जातो. ते सगळं कुंडीत येणार नाही.

दुसरी काळजी जागेची. फोटो टाकावेसे वाटतात, पण फोटोबरोबर ठिकाणही जातं आणि मग पायवाट पडते. ब्रिटनमध्ये लेडीज स्लिपर आमरी नामशेष झाली असंच धरून चालले होते. १९३० मध्ये यॉर्कशायरमध्ये एकच झाड सापडलं आणि त्याची जागा कितीतरी वर्षं गुप्त ठेवावी लागली. म्हणून पाटी लावावी की गप्प राहावं, ठरत नाही. कुंपण घालावं का? उतारावरचं गवत कधी कापलेलं चालेल? अनुभव असेल त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद

ताई, आधी कंद ओल्या फडक्यात गुंडाळा आणि आजच्या आज त्याच खड्ड्यात, होते तितक्याच खोल लावा. खत नको, बुरशीनाशक तर अजिबात नको. फुलाचा दांडा कापा, म्हणजे उरलेली ताकद नव्या कंदाकडे जाईल. पानं सुकली तरी धीर सोडू नका. आमरी कधीकधी एखादं वर्ष जमिनीखालीच काढते. तुटलेला कंद मातीत असेल तर उकरून शोधू नका, त्याला तिथेच सगळ्यात जास्त संधी आहे.

गवत बोंडं फुटून बी उडाल्यावर आणि पानं वाळल्यावरच कापा. पण कापा नक्की. वाढू दिलं तर झुडपं माजतात आणि आमरीला ऊन मिळत नाही. पाटी लावू नका. फोटो टाकायचाच असेल तर फोनमधली ठिकाणाची नोंद बंद करून जवळून काढा, मागचा डोंगर दिसता कामा नये.

धागाकर्तीकडून

खूप आभार. दांडे कापून दोन्ही झाडं लावून आले, तिसऱ्याची जागा तशीच ठेवली. काकाही आले होते. कंदांची जोडी दाखवल्यावर बराच वेळ हातात धरून बसले आणि दुसऱ्या झाडाची माती त्यांनीच हाताने दाबली. गवत कापताना मी येईन, म्हणाले.

कुंपणाचा प्रश्न अजून उरलाय. तिथे गुरं चरायला येतात. ती पूर्ण बंद केली तर झुडपं वाढतील, आणि आली तर फुलं तुडवतील. फुलोऱ्याच्या दिवसांपुरतीच गुरं दुसरीकडे वळवून कुणी पाहिलंय का?