बँक्सीच्या आधीचं स्टेन्सिल

काही जण म्हणतात की स्टेन्सिलमधून (अक्षरं-आकार कापलेल्या साच्यावर रंग फवारून) भिंतींवर राजकीय टोमणे मारणं बँक्सी या ब्रिटिश भित्तिचित्रकारापासून सुरू झालं. मग इंग्लंडच्या क्रासचं काय? १९७७ साली लंडनजवळच्या एसेक्समधल्या एका जुन्या शेतघरात जमलेला हा पंक संगीताचा गट. यांनी लंडनच्या भुयारी रेल्वेतल्या जाहिरातींवर स्टेन्सिल ठेवून रंग फवारला: युद्धविरोधी, स्त्रियांना वस्तू करणाऱ्या जाहिरातींविरोधी घोषणा. स्टेन्सिलची सोय अशी की अक्षरं छापल्यासारखी दिसतात आणि काम पोलीस यायच्या आत उरकतं.

संगीत मात्र सगळ्यांच्या पचनी पडणार नाही. गोंगाट, रेडिओचे तुकडे, त्यावर ओरडून म्हटलेली कविता. मला स्वतःला सलग ऐकवत नाही. पण त्यांची टेप कापून जोडायची करामत भन्नाट! ब्रिटन-अर्जेंटिना यांच्यातल्या फॉकलंड युद्धानंतर ब्रिटिश पंतप्रधान थॅचर आणि अमेरिकी अध्यक्ष रेगन यांच्या भाषणांचे तुकडे जोडून त्यांनी दोघांचं खोटं फोन-संभाषण बनवलं. अमेरिकी परराष्ट्र खात्याला त्यात चक्क केजीबी या सोव्हिएत गुप्तहेर संघटनेचा हात दिसला. शेवटी जानेवारी १९८४ मध्ये 'ऑब्झर्व्हर' या ब्रिटिश वृत्तपत्राने खरे कर्ते शोधून काढले. त्याच वर्षी गट फुटला.