आतड्याचा कर्करोग: दाह चांगला की वाईट?

प्रश्न, प्राजक्त:
माझ्या बाबांच्या मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूची गाठ गेल्या महिन्यात काढली. दोन लसिकाग्रंथींत रोग सापडल्यामुळे तिसरा टप्पा सांगितला आहे. शस्त्रक्रियेपूर्वी सीआरपी (दाह झाला की रक्तात वाढणारे प्रथिन) ३४ आणि अल्ब्युमिन (रक्तातले एक मुख्य प्रथिन) ३.१ होते. डॉक्टरांनी त्या दोन आकड्यांभोवती पेनाने गोल काढला आणि शरीरातला हा दाह चांगला नाही, असे सांगितले. हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे काढलेल्या गाठीच्या सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीच्या, अहवालात मात्र गाठीच्या कडेला लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींची दाटी असल्याचे लिहिले आहे, आणि तीच बाब ते अनुकूल मानतात. दोन्ही दाहच ना? शिवाय दाह कमी करणारी ॲस्पिरिन लगेच सुरू करावी, असा घरच्यांचा आग्रह आहे.

उत्तर, सूक्ष्मदर्शी:
ताई, शब्द एकच असला तरी गोष्टी दोन आहेत. गाठीमुळे रक्तात इंटरल्युकिन-६ सारखी दाह वाढवणारी द्रव्ये वाढली की यकृत सीआरपी भराभर तयार करते, अल्ब्युमिन घटते आणि पुढे स्नायूही झिजू लागतात. सीआरपी १० च्या वर आणि अल्ब्युमिन ३.५ च्या खाली असेल, तर सुधारित ग्लासगो मोजणीत (या दोन आकड्यांवरून रुग्णाच्या पुढच्या वाटचालीचा अंदाज बांधणारी पद्धत) २ गुण मिळतात, आणि टप्पा तोच असला तरी अशा रुग्णांचे आयुर्मान सरासरीने कमी भरते. अर्थात जंतुसंसर्गाने किंवा आतडे तुंबल्यानेही सीआरपी चढते, म्हणून एकाच आकड्यावरून घाबरून जाऊ नये.

कडेवरच्या लिम्फोसाइट पेशी मात्र गाठीशी झुंजणाऱ्या असतात. पॅरिसचे जेरोम गालों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की, गाठीच्या गाभ्यात आणि कडेवर टी-पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) किती आहेत, यावरून रोग उलटण्याचा अंदाज बांधता येतो. इम्युनोस्कोर ही पद्धत त्यातूनच पुढे आली.

उत्तर, औषधवाला:
ॲस्पिरिन मनाने सुरू करू नका, ही कळकळीची विनंती. भारतातील रुग्णांचाही समावेश असलेल्या ॲस्कोल्ट चाचणीत रोज २०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन तीन वर्षे दिली, तरी ठोस फायदा दिसला नाही. स्वीडनच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अलास्का चाचणीत मात्र गाठीत पीआयकेथ्रीसीए जनुकाचे ठरावीक बदल असलेल्यांना १६० मिलिग्रॅम दिल्यावर तीन वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण १४.१ वरून ७.७ टक्क्यांवर आले. म्हणजे आधी जनुकतपासणी, मग गोळी. आणि रक्तस्रावाचा धोका आहेच, तेव्हा निर्णय डॉक्टरांचाच.

उत्तर, सूक्ष्मदर्शी:
एक राहिले. उजव्या बाजूची गाठ आणि लिम्फोसाइटची दाटी एकत्र दिसली की एमएमआर तपासणीचा (पेशींतली डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा शाबूत आहे का, हे पाहणारी तपासणी) निकाल आवर्जून पाहावा, कारण त्यावर उपचारांची दिशा बदलू शकते.

प्राजक्त:
अहवालाच्या शेवटच्या पानावर ‘एमएमआर, निकाल प्रलंबित’ असे आहे. आजवर त्याकडे आमचे लक्षच गेले नव्हते. सोमवारी तो निकाल मागवते आणि पीआयकेथ्रीसीएबद्दलही विचारते. ॲस्पिरिनची पाकिटे तोवर कपाटातच राहतील.