जी. एफ. न्यूमन यांचं काय बघावं?

चकली_भाजणी: 'जज जॉन डीड' या बीबीसीच्या कोर्ट-मालिकेचे दोन सीझन संपवले. मार्टिन शॉ झकास. पण दर भागात न्यायमूर्तींचं वरच्यांशी वाजलेलंच! लेखक न्यूमन यांचं आणखी काय बघू?

जुना_वकील: तुम्ही शेपटाकडून सुरुवात केलीत. 1978ची 'लॉ अँड ऑर्डर' बघा. अमेरिकन नव्हे, बीबीसीची. चारच भाग: डिटेक्टिव्हचा, गुन्हेगाराचा, वकिलाचा, कैद्याचा. निर्माता टोनी गार्नेट, दिग्दर्शक लेस ब्लेअर. शेजारच्या टेबलावर बसून चोरून ऐकतोय असं वाटतं. फ्रेड पायल हा डिटेक्टिव्ह आवाजसुद्धा चढवत नाही. वाण्यानं पुड्या बांधाव्यात तशा केसेस बांधतो.

जॅक लिन अट्टल दरोडेखोर आहे. पण ज्या दरोड्यासाठी तो आत जातो, तो त्यानं केलेलाच नाही. गोम इथे आहे. साधाभोळा माणूस अडकला असता तर आपण हळहळून झोपी गेलो असतो. इथे 'बरंच झालं' असं मनात येतं आणि आपण पायलच्या बाजूला जाऊन बसतो.

मी जन्मभर फौजदारी वकिली केली. एकच पंच तीन वेगवेगळ्या पंचनाम्यांवर 'योगायोगानं' हजर असलेला पाहिलाय. पहिला भाग संपला तेव्हा चहा गार झाला होता.

एक गंमत. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा नाही, हे पुरावा कायद्याचं कलम 25 इंग्रजांनी 1872 साली आपल्याला दिलं. त्यांच्या स्वतःच्या घरी मात्र हवालदाराच्या वहीतली 'आरोपी म्हणाला' ही ओळ कोर्टात चालायची. जबाब टेप करायची सोय तिथल्या 1984च्या पोलीस आणि पुरावा कायद्यानंतर आली.

चकली_भाजणी: काका, म्हणजे एखादा नासका आंबा असतोच, तसं?

जुना_वकील: तेच तर न्यूमनना मान्य नाही. त्यांचं म्हणणं, अख्खी आढीच नासलीय. वकील, तुरुंग, सगळे त्यात. म्हणून तर गहजब झाला. तुरुंग अधिकाऱ्यांनी बीबीसीच्या कॅमेऱ्यांना दार बंद केलं. 1983मध्ये 'द नेशन्स हेल्थ' लिहून ते डॉक्टरांकडे वळले.

लीड्सवाली: डॉक्टरांचं निघालंच आहे तर, काका, 'डीड'मधलं एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लशीचं प्रकरण का गाळलंत? लशीविरुद्ध झुकलेल्या 2006च्या त्या भागाबद्दलची तक्रार बीबीसीनं मान्य केली होती. लस आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा 1998चा शोधनिबंध पुढे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं मागे घेतला. माझी मुलगी तेव्हा लशीच्या वयाची होती. शाळेच्या फाटकापाशी हाच विषय असायचा.

जुना_वकील: मान्य. ज्या हट्टानं 'लॉ अँड ऑर्डर' लिहिली, त्याच हट्टानं ते इथे घसरले. सरकारी गोटातून आलं म्हणजे खोटंच, असं एकदा डोक्यात बसलं की पुरावा कोण वाचतो? पायलसुद्धा आधी आरोपी ठरवायचा आणि मग पुरावा.

चकली_भाजणी: आज रात्री पहिला भाग लावते. चहा आधीच पिऊन घेते.