आईसाठी एसओएस बटणवाला फोन घ्यायचाय, गावाला एकटी असते

डोंबिवलीचा चाकरमानी
आमचं गाव आचऱ्याजवळ, मालवण तालुका. आई ७८ वर्षांची, बाबा गेल्यापासून एकटीच. किती वेळा म्हटलं चल डोंबिवलीला, पण तिचं एकच, "माका हयच बरा". आणि खरंच आहे ते, माड, परडं, वाडीतली माणसं सगळं तिथेच आहे तिचं. पण मागच्या महिन्यात विहिरीकडे शेवाळावरून घसरली, हाड मोडलं नाही ही देवाची कृपा, तरी तासभर तिथेच बसून होती. फोन कुठे? माजघरात फळीवर. मी दिलेला टचवाला तिला नीट उचलताच येत नाही, ते हिरवं सरकवायला जाते आणि बोट कोरडं म्हणून सरकत नाही. आता मागे एसओएस बटण असलेला कीपॅड फोन घ्यावा का? की पडल्यावर आपोआप फोन लावणारं घड्याळ? कोणी वापरलंय का सांगा, फार काळजी लागून राहिलीये.

देवगडचा मोबाईलवाला
दादा, माझं दुकान आहे, रोज असे फोन देतो. त्या बटणावर चार-पाच नंबर भरून ठेवता येतात, दाबून धरलं की भोंगा वाजतो आणि एकामागून एक फोन लागत जातो, पहिल्याने नाही उचलला तर दुसऱ्याला. पण मॉडेल बघून घ्या. साध्या टूजी फोनमध्ये जिओचं सिम चालत नाही, फोरजीच घ्या. आणि घ्यायच्या आधी आईंना फोन घेऊन परड्यात, विहिरीवर, माजघरात उभं करून कॉल लावून बघा, आपल्या चिऱ्यांच्या जाड भिंतीत रेंज खळ्यात फुल आणि आत शून्य असं सर्रास होतं. चार्जिंगला स्टँड मिळतो, नुसता ठेवला की चार्ज होतो, म्हाताऱ्या हातांना ती बारकी पिन घालणं जमत नाही. घड्याळ चांगलं आहे पण बहुतेक रोज चार्ज करावं लागतं आणि फोन जवळपास लागतो, आईंच्या वयाला मला नाही वाटत जमेल. अजून एक, कीपॅडवर ५ किंवा ९ दाबून धरलं की ११२ या आपत्कालीन नंबरला कॉल जायची सोय २०१७ पासून नवीन फोनला सक्तीची केलेली आहे, घेतल्यावर सेटिंग तपासून घ्या.

वेंगुर्ल्याची सून
माझ्या सासऱ्यांकडे असाच फोन आहे, म्हणून अनुभवाचं सांगते. आम्ही पहिला नंबर नवऱ्याचा ठेवला होता, तो मुंबईत, त्याने उचलला तरी करणार काय, तिथून गाव एक रात्रीचा प्रवास. आता पहिले दोन नंबर वाडीतल्यांचेच, तिसरा आमचा. त्यांना आधी घरी जाऊन विचारलं, चावी कुठे असते ते दाखवलं, डॉक्टरांचे कागद कपाटात कुठे आहेत तेही. फोन गळ्यात दोरीला. पहिले आठ दिवस लाजले, मग सवय झाली. आणि पावसात वीज दोन-दोन दिवस जाते, मग टॉवरही बसतो. तौक्ते वादळाच्या वेळी, २०२१ ला, आमचा कोणाचाच फोन लागत नव्हता. तेव्हापासून ठरलंय, सकाळी आठपर्यंत पुढचं दार उघडलं नाही तर शेजारची वयनी हाक मारते.

गुहागरचे निवृत्त गुरुजी
मी ७४ वर्षांचा, एकटा राहतो. मुलाने माझ्या फोनवर लोकेशन चालू केलं ते मला न विचारता, ते फार लागलं मला. आईंना सगळं समजावून सांगा, त्यांच्या हाताने दोनदा बटण दाबून घ्या. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन, सकाळी ८ ते रात्री ८, माहिती किंवा मन मोकळं करायला, पण अपघाताला १०८च. आणि त्यांना पेन्शन असेल तर हयातीचा दाखला आता स्मार्टफोनवर चेहरा दाखवून घरूनही होतो, तेवढ्यासाठी मालवणला खेप घालू नका.

डोंबिवलीचा चाकरमानी
सगळ्यांचे खूप आभार. शेजारच्या काकीला आत्ताच फोन केला, ती म्हणाली माझाच नंबर पहिलो घाल. शनिवारी गावी जातोय. देवगडवाले दादा, तुमच्याकडूनच फोन घेतो, गळ्यातली दोरी जरा रुंद असलेली बाजूला काढून ठेवाल का?