२०२६ या नवीन वर्षासाठी हाताने केलेलं, चित्रांचं कॅलेंडर घ्यायचंय, काय बघून घेऊ?

सायली_ठाणे

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. यंदा पहिल्यांदाच स्वतःच्या घरात नवीन वर्ष सुरू होणार आहे आणि हॉलची एक अख्खी भिंत कोरी आहे, तिथे छान चित्रांचं, हाताने केलेलं असं कॅलेंडर लावायचंय. कालनिर्णय किचनच्या दारामागे आहेच, ते हलणार नाही कारण सासूबाई एकादशी-चतुर्थी त्यातच बघतात, त्यामुळे हे त्याच्या जागी नाही, त्याच्या जोडीला.

मागच्या वर्षी एका पेजवरून ७५० रुपयांना मागवलं होतं. फोटोत खरखरीत कागद, रंग एकदम मस्त दिसत होते आणि हातात आलं ते गुळगुळीत चकचकीत कागदावरचं साधं प्रिंट, तारखा इतक्या फिक्या राखाडी की सोफ्यावरून दिसायच्याच नाहीत. खूप वाईट वाटलं. मार्चनंतर पान उलटायची इच्छाच झाली नाही.

यावेळी दोन घ्यायचीत, एक आमच्या हॉलला आणि एक साताऱ्याला बाबांना. ते चित्रकलेचे शिक्षक होते, आता रिटायर झालेत, ते हातात घेतल्या घेतल्या आधी कागद चोळून बघणार हे मला माहितीये, म्हणून त्यांच्यासाठी खरंच चांगलं हवंय. बजेट प्रत्येकी हजारापर्यंत. 'हँडमेड' म्हणतात ते नक्की काय असतं, आणि ऑनलाइन घेताना कसं ओळखायचं?

---

कागदवेडा

सायली, मी पुण्यात स्क्रीन प्रिंटिंगचं (जाळीच्या फ्रेममधून शाई कागदावर उतरवायचं) काम करतो, १४ वर्षं झाली, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो.

हँडमेड या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक म्हणजे कागद हाताने केलेला, दुसरं म्हणजे छपाई हाताने केलेली, आणि तिसरं म्हणजे चित्र कुणीतरी हाताने काढलं पण नंतर ते स्कॅन करून मशीनवर छापलं. तिन्हीत वाईट काही नाही पण किंमत तिन्हीची सारखी असू शकत नाही. विकणाऱ्याला सरळ मेसेज करून विचारायचं की यातलं काय काय हाताने केलंय. जो खरंच करतो तो आनंदाने चार फोटो पाठवतो, आणि जो नुसतं 'प्रीमियम क्वालिटी आहे मॅडम' म्हणतो त्याच्याकडून घेऊ नका.

एक हिशोब सांगतो म्हणजे अंदाज येईल. स्क्रीन प्रिंटिंगमधे प्रत्येक रंगाची वेगळी फ्रेम असते आणि प्रत्येक रंगासाठी कागदावरून एकदा स्क्वीजी (रबरी पट्टी) ओढावी लागते. १२ पानं, प्रत्येक पानावर ५ रंग आणि २०० कॉप्या म्हटलं तर १२,००० वेळा हात ओढायचा, त्यात मधे मधे वाळवणं आलं. म्हणून बारा पानांचं पाच रंगी 'स्क्रीन प्रिंटेड' कॅलेंडर कुणी चारशेला देत असेल तर ते स्क्रीन प्रिंट नाही, बास. खरे करणारे लोक बहुतेक वेळा अख्ख्या वर्षाचं एकच मोठं पोस्टर करतात, नाहीतर दोन रंग आणि सहा पानं, एका पानावर दोन महिने.

ओळखायचं कसं, तर मोबाइलचा कॅमेरा अगदी जवळ नेऊन झूम करा. मशीनच्या छपाईत रंगाचे बारीक बारीक ठिपके दिसतात, हिरवा म्हणजे निळे आणि पिवळे ठिपके शेजारी शेजारी. स्क्रीन प्रिंटमधे हिरवा म्हणजे सपाट हिरवाच, आणि बोट फिरवलं तर शाईचा थर कडेला किंचित लागतो. रिसो नावाचा छपाईचा एक प्रकार हल्ली खूप चाललाय, त्यात दोन रंग एकमेकांवर केसभर सरकलेले असतात, ते दिसायला सुरेख असतं पण ती शाई पूर्ण सुकत नाही, बोटाला लागते, त्यामुळे लहान मुलं असतील तर जरा वर लावा.

हातकागदासाठी बाबांना एकदा पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत घेऊन या, १९४० पासूनची संस्था आहे. हा कागद सुती कापडाच्या चिंध्यांचा लगदा करून बनतो, झाडाचा नाही, म्हणून त्याला तो कापडासारखा पोत येतो आणि कडा कापलेल्या नसतात, विस्कटलेल्या असतात. ती कड बघूनच कळेल त्यांना.

---

अंजूकाकू

कागदवेडा यांनी छान सांगितलं, पण सायली बाळा, मी वापरणाऱ्या बाईच्या बाजूने सांगते, कारण कॅलेंडर ही वर्षभर रोज बघायची गोष्ट आहे.

आमच्याकडे कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहितात, गॅस कधी लावला ते लिहितात, कामवाली कधी आली नाही ते फुली. तुझं हॉलमधलं असलं तरी वर्षाच्या मधे कुणीतरी पेन घेऊन त्यावर काहीतरी लिहिणारच, तेव्हा चौकटीत लिहायला जागा आहे का ते बघ. हातकागदावर जेल पेनने लिहिलं तर शाई पसरते हा माझा अनुभव आहे, बॉलपेन किंवा पेन्सिल ठीक.

आणि हे नक्की बघ, चित्रं आणि महिना जुळतात का. २०२५ मधे गणपती २७ ऑगस्टला बसले होते ना, तर २०२६ मधे ते १४ सप्टेंबरला आहेत, कारण अधिक ज्येष्ठ आलाय, १७ मे ते १५ जून. त्यामुळे पुढचे सगळे सण पुढे गेलेत, वटपौर्णिमा थेट २९ जूनला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. मी दोन-तीन ठिकाणी सॅम्पल बघितले, एकात ऑगस्टच्या पानावर गणपती काढलाय आणि एकात ऑक्टोबरला आकाशकंदील. चित्र कितीही सुंदर असू दे, सप्टेंबरात घरात गणपती बसलेले असताना भिंतीवर दुसरंच काहीतरी बरं नाही दिसत गं. ज्याने खरंच २०२६ साठी बसून चित्रं काढलीत तो हे बघतोच. तिथी दिलेल्या असतील तर मे महिना उघड, अधिक मासाचा उल्लेख नसेल तर गेल्या वर्षीचंच उचलून छापलंय असं समज.

आणखी एक, मे आणि ऑगस्ट हे दोन्ही महिने २०२६ मधे सहा ओळींचे होतात (रविवारपासून आठवडा धरला तर). जागा वाचवायला लोक २४ आणि ३१ एकाच चौकटीत तिरकी रेघ मारून कोंबतात, तिथे लिहायला काही उरत नाही. फेब्रुवारी मात्र २०२६ मधे अगदी चार ओळींत बसतो, १ तारखेला रविवार आणि २८ ला शनिवार, इतकं छान दिसतं ते पान!

---

चिकूवाडी

मी डहाणूचा. वारली चित्रांचं घेणार असाल तर दोन शब्द सांगतो, कारण दर डिसेंबरला बाजारात जे वारली कॅलेंडर म्हणून येतं ते बघून जीव तुटतो.

दोन त्रिकोण जोडले, हातपाय काढले, गोल करून नाचवले की झालं वारली असं लोकांना वाटतं. तीच आकृती कॉपी-पेस्ट करून बाराही पानांवर. खऱ्या चित्रात प्रत्येक माणूस काहीतरी वेगळं करत असतो, कुणी वाकून भात लावतोय, कुणी जाळं टाकतोय, मुंग्यांची रांगसुद्धा एकेक मुंगी करून काढलेली असते. गेरूवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्याने, बांबूची काडी चावून मऊ केलेली त्याने काढतात, त्यामुळे रेघ मधेच जाड मधेच बारीक होते. कॅलेंडरवर ते छापील येणार हे मान्य, पण ती हलणारी रेघ छपाईतही दिसते. सगळ्या रेघा एकाच जाडीच्या असतील तर ते कॉम्प्युटरवर केलंय.

जिव्या सोमा मशे यांनी हे चित्र कागदा-कॅनव्हासवर आणून जगभर नेलं, २०११ ला त्यांना पद्मश्री मिळाली. त्याआधी हे काम घरच्या भिंतीवर लग्नाचा चौक (चौकोनी चित्र) लिहिणाऱ्या सुवासिनींचं होतं, चौकात पालघाट देवी. आमच्याकडे चौक 'लिहितात' असंच म्हणतात. म्हणून माझी एकच विनंती आहे, कॅलेंडरवर चित्रकाराचं नाव छापलंय का बघा. 'वारली आर्ट' असं लिहून नाव गाळलेलं असेल तर ते कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या. डहाणू-तलासरी बाजूला थेट चित्रकारांकडून घेता येतं, पैसे त्यांच्या हातात जातात.

---

जुनाबाजार

मी जरा वेगळं मत मांडतो. हाताने छापलेलंच हवं असा हट्ट कशाला? आपल्याकडची सगळ्यात लाडकी कॅलेंडरं प्रेसमधेच छापली गेली. रविवर्म्यांनी १८९४ ला मुंबईत छापखाना काढला म्हणून त्यांची लक्ष्मी-सरस्वती गरिबाच्या घरात पोचली. नंतर मुळगावकर, दलाल, एस. एम. पंडित या चित्रकारांची चित्रं कॅलेंडरवर आली आणि लोकांनी वर्ष संपल्यावर तारखा कापून फ्रेम केली. माझ्या आत्याकडे कोल्हापूरला देवघराशेजारी मुळगावकरांची अशी एक लक्ष्मी आहे, काच लावलेली, खाली अजून त्या दुकानदाराचं नाव अर्धवट दिसतं, साडीच्या जरीचा एकेक ठिपका वेगळा कळतो. छपाई ऑफसेट (मशीनवरची) असेना, चित्र काढणाऱ्याचा हात पक्का असला की ते टिकतं. तुमच्या बाबांना रेषा आधी दिसेल, मग कागद.

---

निळीशाई

मी स्वतः लिनोकट (लिनोलियमवर कोरून त्याचा ठसा कागदावर उमटवायचा) कॅलेंडर करते, म्हापशात राहते. जाहिरात करायची नाहीये, यावर्षीच्या ६० कॉप्या संपल्यातही, पण घेणाऱ्यांना काही गोष्टी माहीत असाव्यात असं मनापासून वाटतं.

लिनोमधे सगळं उलटं कोरायचं असतं, आरशात दिसतं तसं, तारखासुद्धा. देवनागरी आकडे उलटे कोरताना १ आणि ९ ला फार सांभाळावं लागतं, जरा पोट जास्त कोरलं गेलं की तारीख बदलते. मी ऑक्टोबरचा ब्लॉक दोनदा केला १९ मुळे. मग शाई लावायची, कागद ठेवायचा आणि मागून लाकडी चमच्याने घासायचं, एक पान घासायला मला पाच-सहा मिनिटं लागतात. त्यामुळे दोन कॉप्या कधीच सारख्या येत नाहीत, कुठे काळ्यात पांढरे कण राहतात, तो दोष समजून परत पाठवू नका, प्लीज.

कुरिअरबद्दल आधी विचारा की गुंडाळून येणार की सपाट. नळीत गुंडाळून आलेला जाड कागद महिनाभर भिंतीवर वळलेलाच राहतो. दोन पुठ्ठ्यांमधे सपाट मागवा, ५०-६० रुपये जास्त गेले तरी चालतील. आणि पावसाळ्यात हातकागद ओल धरतो, लाटा येतात, आमच्याकडे तर फारच, ठाण्यातही येतील. बाहेरच्या भिंतीवर लावू नका, आतल्या भिंतीवर लावा.

साइज ए४ किंवा ए३ घ्या म्हणजे वर्ष संपल्यावर तयार फ्रेम मिळते. तारखा चित्राच्या खाली वेगळ्या पट्टीत असतील तर कापून चित्र अखंड राहतं.

थांबू मात्र नका. जानेवारीत किंमत अर्धी होईल म्हणून लोक थांबतात, पण आमच्यासारखे ६०-१०० कॉप्या करणारे उरवतच नाहीत.

---

सायली_ठाणे

सगळ्यांचे खरंच खूप आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल बसून सहा जणांना मेसेज केले, कागदवेडा दादांनी सांगितला तोच प्रश्न विचारला, चौघांनी 'प्रीमियम' सांगितलं, दोघांनी फोटो पाठवले. एका मुलीने तर फ्रेम धुतानाचा व्हिडिओ पाठवला, हात कोपरापर्यंत निळे.

हॉलसाठी तिचंच अख्ख्या वर्षाचं स्क्रीन प्रिंट पोस्टर घेतलं, तीन रंग, कोकणातले पक्षी, ९०० रुपये, सपाट पॅकिंग सांगितलंय. अंजूकाकू, त्यात मे-ऑगस्टच्या सगळ्या तारखा वेगवेगळ्या आहेत, आधी तेच बघितलं. खाडे किचनमधेच लिहू.

बाबांसाठी डहाणूचं घ्यायचं ठरलंय, चिकूवाडी दादा, नाव छापलेलं. पोस्टाने मागवत नाही, २५ ची सुट्टी आहे तर आम्ही दोघं लोकलने डहाणूलाच येतो. स्टेशनवरून पुढे कुठल्या पाड्यावर जायचं आणि त्या दिवशी चित्रकार घरी भेटतील का, तेवढं मेसेजमधे सांगाल का?

---

चिकूवाडी

या की ताई. मेसेज केलाय. सकाळची गाडी पकडा, दुपारनंतर ते शेतावर जातात. चित्र काढताना बघायला मिळालं तर बाबांना दाखवायला एक व्हिडिओ करा, पण आधी विचारून.