शेजारधर्म पाळताना प्रभूविषयी केव्हा आणि किती बोलावे?

प्रश्न : निपाणीकर

सर्व बंधुभगिनींना सलाम. निपाणीजवळच्या एका गावात आमचे किराणा दुकान आहे. गावात ख्रिस्ती घर आमचे एकच. बाकी वारकरी, लिंगायत, जैन आणि मुसलमान अशा सर्वांशी आमचा घरोबा आहे. शेजारच्या काकूंचे यजमान पक्षाघाताने अंथरुणाला खिळले आहेत. माझी पत्नी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे भाकरी आणि पातळ भाजी पोचवते, काकूंना थोडा डोळा लागावा म्हणून काकांच्या उशाशी बसते. परवा डबा परत देताना काकू म्हणाल्या, "तुमच्या देवालाबी आमच्यासाठी सांगा की." आम्ही घरी दररोज त्यांच्यासाठी प्रार्थना करतोच. परंतु त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या देवघरासमोर, मोठ्याने प्रार्थना करावी काय? आणि त्यानंतर प्रभूविषयी काही बोलावे, की आपली करणीच पुरेशी मानावी? काकूंचे मुलगे पुण्याला असतात. ते याचा काय अर्थ लावतील, याचीही काळजी वाटते.

उत्तर : खानापूरची शिक्षिका

दादा, काकूंनी स्वतः तोंड उघडून मागितले आहे, तेव्हा अवश्य जा. बायबलमधील पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर देण्यास सिद्ध असावे असे सांगितले आहे, आणि ते उत्तर सौम्यतेने व आदराने द्यावे असेही लगेच पुढे म्हटले आहे. या वचनाचा पहिला भाग आपण हौसेने पाठ करतो आणि दुसरा विसरतो, हे मला फार खटकते. काका शुद्धीवर असतील तर आधी त्यांना विचारा, कारण प्रार्थना त्यांच्यासाठी आहे. प्रार्थना लहान ठेवा, काकांचे नाव घेऊन करा, आणि त्यांच्या देवघराविषयी एक शब्दही काढू नका. देवाशी बोलत असल्याचे दाखवून काकूंना उपदेश ऐकवणे हे प्रार्थनेचे रूप नव्हे.

वारकरी घरात अभंगाची चाल परकी वाटत नाही. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग आणि ओवी सोडली नाही. मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, त्यांची पदे आजही गातात, ती याचमुळे. काकूंची इच्छा असेल तर एखादे पद हळू आवाजात म्हणा.

उत्तर : कॅम्पमधील एक वकील

मुलग्यांविषयीची आपली काळजी रास्त आहे. कर्नाटकातील धर्मांतरविरोधी विधेयक 23 डिसेंबर 2021 रोजी आपल्याच बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात विधानसभेने संमत केले आणि 2022 मध्ये त्याचा कायदा झाला. धर्मांतरासाठी दिलेली भेटवस्तू, पैसा, नोकरी किंवा धार्मिक संस्थेच्या शाळेतील मोफत शिक्षण यांना त्यात प्रलोभन मानले आहे. जून 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला, तरी लोकांच्या मनातील संशय अशा निर्णयाने जात नाही. संविधानाच्या 25 व्या अनुच्छेदाने धर्मपालनाचे आणि प्रसाराचे स्वातंत्र्य दिले आहे. मात्र प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली स्पष्ट केले. शेजाऱ्याच्या विनंतीवरून केलेली प्रार्थना यापैकी कशातही बसत नाही. तरीही मुलग्यांना फोन करून, "आईंनी बोलावले आहे, आम्ही जात आहोत," एवढे आधी सांगून ठेवा.

उत्तर : मिरजेची सून, माहेर चिकोडी

शिक्षिकाताईंशी मी बव्हंशी सहमत आहे, पण करणीच पुरेशी आहे काय, या मूळ प्रश्नाला उत्तर मिळाले नाही असे मला वाटते. मुळीच बोललो नाही तर सगळे श्रेय आपल्या चांगुलपणाला मिळते, आणि ते आपले नाही. काकूंनी कधी विचारले की एवढे का करता, तर तुमच्या पत्नीने "प्रभू येशूने आमच्यावर प्रीती केली, म्हणून" इतके सरळ वाक्य निःसंकोच बोलावे आणि पुन्हा कामाला लागावे. त्यावर काकू काही बोलल्या नाहीत तरी दुसऱ्या दिवशीचा डबा ठरल्या वेळी गेलाच पाहिजे. डॉ. वॉनलेस यांनी 1894 साली मिरजेत मिशन इस्पितळ सुरू केले, आणि आमच्या सीमाभागातील कितीतरी घरांची पहिली ओळख ख्रिस्ती माणसाशी झाली ती तिथल्या खाटेवर, जखम धुणाऱ्या हातांमुळे.

निपाणीकर

सर्वांचा आभारी आहे. मुलग्यांना आजच फोन करतो. एक शंका राहिली : काकूंची दुकानातील बाकी बरीच वाढली आहे. ती सोडून द्यावी असे आम्हा दोघांच्या मनात आहे.

खानापूरची शिक्षिका

सोडायची असेल तर प्रार्थनेला जाल त्या दिवशी नको, आणि त्या आठवड्यातही नको. गावात दुसरे कोणी आजारी पडले तर त्यांना जी सवलत द्याल, तीच काकूंना द्या. त्याविषयी मंडळीत साक्ष म्हणून, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव म्हणून, सांगू नका. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात दान गुप्तपणे करावे असे सांगितले आहे, ते आपल्याला ठाऊकच आहे. मुलगे पुण्याहून येऊन बाकी चुकती करू म्हणाले, तर मात्र निमूटपणे घ्या. त्यांचाही मान राहिला पाहिजे.