तयार मजकूर फाइलीत टाकायला फॉरमॅट काहून?

इतवारीकर: काल इथं कोणीतरी सल्ला दिला, "लिस्पमधून लांब मजकूर फाइलीत टाकायचा ना? फॉरमॅटला स्ट्रीम द्या, मजकूर द्या, झालं." नाही होत! फॉरमॅट हे कॉमन लिस्पचं साचा भरून लिहिणारं फंक्शन, स्ट्रीम म्हणजे फाइलीकडं जाणारी वाट. स्ट्रीमनंतरच्या जागी मजकूर नसतो, साचा असतो. कळमन्याच्या संत्रा भावपत्रकात कोणी "३०~३५ हजार रुपये टन" लिहिलं की टिल्डाच्या (~) पुढचं फॉरमॅट आज्ञा समजून वाचतो आणि एरर देऊन बसतो. तयार मजकुराला राइट-स्ट्रिंग आहे. तो आत डोकावत नाही, जसंच्या तसं लिहितो.

बर्डीचा कंस: मग साच्यात टिल्डा-ए (~A, दिलेलं जसंच्या तसं छापायची आज्ञा) लावा आणि मजकूर त्याच्यामागून द्या. एवढ्यासाठी फॉरमॅटच टाकून द्यायचा? आकडे, तारखा, नावं मिसळून येतात तेव्हा राइट-स्ट्रिंगच्या दहा ओळी कोण लिहील?

इतवारीकर: मिसळीला फॉरमॅट, मान्य. सल्ला तयार मजकुराबद्दल होता, तो नीट वाचा. टिल्डा-एच्या जागी चुकून टिल्डा-एस (~S) गेला की मजकुराभोवती अवतरणं येतात आणि आतल्या प्रत्येक अवतरणाला बॅकस्लॅश चिकटतो.

गोधनी: दोघंही भलत्याच जागी भांडून राहिले. खरं नुकसान त्याआधीच होतं, लूपमध्ये कॉन्कॅटिनेट (तुकडे जोडणारं फंक्शन) लावून स्ट्रिंग, म्हणजे मेमरीतला मजकूर, वाढवताना. दर फेरीत मागचा सगळा मजकूर नव्यानं कॉपी होतो. तुकडे दुप्पट झाले की काम चौपट. अप्लाय लावून सगळे तुकडे आर्ग्युमेंट म्हणून एका दमात देऊन जोडाल, तर आर्ग्युमेंट किती चालतील याची कॉमन लिस्प स्टँडर्डची हमी फक्त ४९ पर्यंत आहे. एसबीसीएलमध्ये (कॉमन लिस्पचा एक कंपायलर) साधी स्ट्रिंग कॅरेक्टरमागे ४ बाइट खाते. तुकडा आला की सरळ स्ट्रीमवर लिहा, मोठी स्ट्रिंग बांधूच नका.

महालवाला: आणि एक्स्टर्नल-फॉरमॅट, म्हणजे अक्षरं फाइलीत कोणत्या बाइटांत जातील ते, कोण सांगणार? "नागपूर"ची लेंग्थ ६, मेमरीत २४ बाइट, यूटीएफ-८ फाइलीत १८. लॅटिन-१ (युरोपीय अक्षरांचं एन्कोडिंग) मध्ये त्यातलं एकही बसत नाही. फाइल उघडणाऱ्या विथ-ओपन-फाइलमध्येच यूटीएफ-८ लिहा, मशीनच्या लोकेलवर (भाषेच्या सेटिंगवर) सोडू नका.

बर्डीचा कंस: लिहितो. आणि लांब ओळी ८० कॅरेक्टरवर तोडतो, म्हणजे फाइल वाचता तरी येते.

महालवाला: ८० काय? सबसीकने (स्ट्रिंगचा तुकडा कापणारं फंक्शन) कॅरेक्टर मोजून तोडलं की "नागप" वर राहतं आणि खालची ओळ सुट्या उकारानं सुरू होते, ठिपक्यांच्या गोलासकट. मराठीचे असे हाल करू नका!

बर्डीचा कंस: एसबीसीएलमध्ये ग्राफीम (वाचणाऱ्याला एक वाटणारं अक्षर, काना-मात्रेसकट) वेगळे करायचं फंक्शन आहे. चिडता काहून?

महालवाला: कारण तेही पुरत नाही. जोडाक्षर न तोडण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत आला, २०२३ मध्ये. त्याआधीच्या तक्त्यांवर चालणारं फंक्शन "क्ष"चे "क्" आणि "ष" असे दोन करतं. तोडायचंच तर दोन शब्दांमधल्या जागेवर तोडा. फाइलीला ८० ची गरज नाही, ती तुमच्या स्क्रीनला आहे.

गोधनी: हे पटलं. फाइल उघडताना इफ-एग्झिस्ट्सला सुपरसीडही (जुनीच्या जागी नवी) द्या, नाहीतर एसबीसीएल दुसऱ्यांदा चालवताना फाइल आधीच आहे म्हणून अडतो.

बर्डीचा कंस: बरं, तयार मजकुराला राइट-स्ट्रिंग. इथं माझा हट्ट सोडतो. पण कोडमध्येच लांब वाक्य लिहायचं असेल तर फॉरमॅटच हवा: ओळीच्या शेवटी टिल्डा ठेवला की नवी ओळ आणि पुढचं इंडेंट (ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा) दोन्ही गिळली जातात. राइट-स्ट्रिंग ते इंडेंट फाइलीत जसंच्या तसं उतरवतो.